चौसष्टावी चिठ्ठी

'अन'ने सुरू होणारे शब्द माझ्या वाट्याला आले, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होते. इंग्रजीत बऱ्याचशा शब्दांपुढे 'अन' चिकटवला की उलट अर्थाचा शब्द तयार होतो, त्यामुळे हे शब्द संपता संपत नाहीत. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना दलदल म्हणत. मुख्य संपादक स्ट्रूडसाहेबांनी 'यू' अक्षराचं वाटप केलं तेव्हा मी आठवडाभर तापानं घरी होतो. परत येऊन बघतो तर माझ्या टेबलापाशी चिठ्ठ्यांची एकोणीस खोकी. मी कुणाशी भांडलो नाही. फक्त खोकी जरा जोरात आपटून लावली. हे १९८३ सालचं.

आमचं सगळं काम चिठ्ठ्यांवर चालायचं. देशभरात आमचे हौशी वाचक होते. कुणी शाळामास्तर, कुणी डॉक्टरीण, कुणी नुसतंच घरी बसलेलं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, बियाण्यांची माहितीपत्रकं, जे हाती येईल ते वाचायचं, एखादा शब्द कामाचा वाटला की तळहाताएवढ्या चिठ्ठीवर वर डावीकडे तो शब्द, खाली छापलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली कुठे आणि कधी छापलं ते, आणि खालच्या कोपऱ्यात आपला क्रमांक. याबद्दल त्यांना काही मिळत नसे. नव्या खंडाच्या सुरुवातीला त्यांची यादी छापली जाई, नाव आणि पुढे चिठ्ठ्यांचा आकडा. कचेरीत नोंदी लिहिणाऱ्या आम्हा सोळा जणांची नावं कुठेच नसायची. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो आहे.

मार्च महिन्यात मी 'अनसंग'पाशी पोचलो. न गायलेला, असा त्याचा सरळ अर्थ. चौसष्ट चिठ्ठ्या होत्या. त्या मी वर्षांच्या क्रमानं टेबलावर मांडल्या आणि खरं सांगतो, दलदलीत शिरल्यापासून पहिल्यांदाच मला मजा यायला लागली. सगळ्यात जुन्या चिठ्ठ्यांत शब्द अगदी साधा होता. प्रार्थनेतलं एखादं भजन म्हणायचं राहून गेलं, तर ते अनसंग. मग कवींनी तो उचलला. रणात मेला पण ज्याच्यावर कुणी पोवाडा रचला नाही असा वीर, तो अनसंग. नंतर गाणी मागे पडली, शब्द मात्र राहिला. परिचारिका, टपालवाले, शाळेत जेवण वाढणाऱ्या बायका, फुटबॉलचे राखीव खेळाडू, ज्यांच्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही असे सगळे त्यात येऊन बसले.

अन् मग मला एक गंमत दिसली. चौसष्टांपैकी एकाही वाक्यात कुणी स्वतःला अनसंग म्हटलेलं नव्हतं. दरवेळी कुणीतरी दुसराच हे म्हणत होता, आणि तेही नेमकं कौतुक करताना. भाषणात, निरोपसमारंभात, मृत्युलेखात. म्हणजे हा शब्द तोंडातून निघाला की तिथल्या तिथे खोटा पडतो. ज्याला अनसंग म्हटलं त्याचं कौतुक होऊन गेलेलंच असतं. खरेखुरे अनसंग जे, त्यांच्याबद्दल कुणी चिठ्ठी पाठवणारच कशी? मी दिवसभर हेच घोळवत बसलो.

यातल्या दोन चिठ्ठ्या वाचक क्रमांक २१२ च्या होत्या. पहिली १९५३ ची, बागकामाच्या मासिकातली. 'सलगम ही आपल्या स्वयंपाकघरातली अनसंग भाजी आहे.' माणसांचा शब्द भाजीला लावल्याचा आमच्याकडचा हा सर्वांत जुना दाखला. असली वाक्यं हेरावीत ती २१२ क्रमांकानंच. चौदा हजारांवर चिठ्ठ्या त्या क्रमांकाखाली आलेल्या होत्या आणि एकीतही स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेला नव्हता. बारीक, उभं अक्षर, जांभळी शाई, शब्दाखाली दोन रेघा, साताच्या पोटात आडवी रेघ. हाताखाली आलेल्या हजार चिठ्ठ्यांतून मी ते अक्षर लांबूनच काढून दाखवलं असतं.

दुसरी वर्षभरापूर्वी, सगळ्यांच्या शेवटी आलेली, म्हणून चौसष्टावी. शब्दाखाली तशाच दोन रेघा, कोपऱ्यात २१२. पण शाई बॉलपेनची आणि अक्षरं कुंपणाच्या खांबांसारखी एकेक रोवलेली. क्रमांक इतका दाबून लिहिलेला की कागदाच्या मागून हाताला लागत होता. वाक्य असं होतं. 'या गावच्या अनसंग माणसांत सौ. नेस्टा गार्साइड यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल.' खाली, मॉर्थवेट गावच्या चर्चचं मासिक पत्रक, मार्च १९५२.

आमच्या यादीत २१२ पुढे नाव होतं श्री. एन. गार्साइड, मॉर्थवेट. आणि हे गार्साइड मी पाहिलेले होते. १९६१ साली कचेरीनं जुन्या वाचकांना चहाला बोलावलं होतं, तेव्हा ते आले होते. उंच, रुंद, घट्ट कॉलर घातलेला रेल्वेचा माणूस. मॉर्थवेटच्या केबिनमध्ये सिग्नल ओढायचे. मी तेव्हा नवा होतो, भारावून त्यांच्याजवळ गेलो आणि एका अडलेल्या शब्दाबद्दल विचारलं. ते माझ्याकडे गायीसारखे बघत राहिले, काकडीचं चौथं सँडविच संपवलं आणि म्हणाले, "घरी जाऊन सांगतो." तीन दिवसांनी जांभळ्या शाईत दोन पानी उत्तर आलं. मी समजलो, थोर माणसं अशीच मितभाषी असतात.

मग ही चिठ्ठी कुणाची? कुणीतरी २१२ चा क्रमांक चोरून खोटी वाक्यं घुसवतंय असं मला वाटलं, आणि मी ती चिठ्ठी वेगळी काढून ठेवली. कारण आमचा नियम कडक होता. एक जरी चिठ्ठी बनावट निघाली, तर त्या वाचकाचा क्रमांक रद्द आणि त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर. एकदा क्रमांक ८८ च्या बाबतीत ते झालं होतं. छापून झालेल्या खंडांतूनसुद्धा त्याचे दाखले शोधायला दोघांना चौदा महिने लागले. २१२ च्या चौदा हजार काढल्या असत्या तर कोशाची निम्मी भिंत खाली आली असती.

पडताळणीसाठी ती चिठ्ठी टपालानं तिथल्या चर्चच्या पाद्र्याकडे पाठवता आली असती. मी स्वतःच गेलो. आगगाडीनं दोन तास आणि पुढे गावोगाव थांबत थांबत जाणारी बस.

मॉर्थवेटच्या पाद्र्यानं मला चर्चमागच्या खोलीत बसवलं आणि पत्रकांचे गठ्ठे काढून दिले. मार्च १९५२ च्या अंकात कुणा अनसंगाचं नाव नव्हतं. केकविक्री होती, एक बाप्तिस्मा होता, गळणाऱ्या छपराची तक्रार होती. फेब्रुवारी, एप्रिल, पुढचंमागचं सगळं वर्ष पाहिलं. वाक्य बनावट होतं. तिथे माझं काम संपलं. पण छापलेला कागद समोर असला की आमच्या धंद्यातल्या माणसाला उठवत नाही. एकतीस वर्षांचे अंक होते, परतीची बस साडेचारला. मी वाचत गेलो, शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत आलो आणि डिसेंबर १९८१ च्या अंकातली एक ओळ वाचून थांबलो. ती उतरवून घेतली. मग पाद्र्याला गार्साइडांचं घर विचारलं.

दार त्यांनीच उघडलं. कॉलर आता सैल झाली होती.

"गॅसवाले ना तुम्ही? दोन आठवडे वाट बघतोय."

"नाही. शब्दकोशाच्या कचेरीतून आलो. पेटिफर माझं नाव. आपण एकदा भेटलोय, चहाला."

ते दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभे राहिले. "या," म्हणाले, "चहा टाकतो. सँडविचं नाहीत, सांगून ठेवतो."

स्वयंपाकघराच्या टेबलावर एक जांभळ्या शाईची दौत होती, वाळलेली. खिडकीखाली पुस्तकं, मासिकं, बियाण्यांची माहितीपत्रकं भिंतीला लावून रचलेली. मी खिशातून चौसष्टावी चिठ्ठी काढून कपाशेजारी ठेवली.

"ही तुमची?"

"क्रमांक आहे ना खाली."

"क्रमांक आहे. अक्षर नाही. गार्साइडसाहेब, कुणी तुमच्या नावावर भलतंसलतं पाठवतंय का?"

ते चहा ढवळू लागले. साखर घातलेली नव्हती.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "आधीचं माझं नव्हतं."

मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पंचवीस वर्षं मी ज्या अक्षरावर जीव टाकत होतो ते या माणसाचं असेल हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

"नेस्टा," मी म्हणालो. "एन. गार्साइड."

"पेपरात आलं होतं, वाचक पाहिजेत म्हणून. सत्तेचाळीस साल. तिनं पत्र टाकलं, सही केली एन. गार्साइड. तुमच्याकडून उत्तर आलं, प्रिय श्री. गार्साइड. ती इतकी हसली. म्हणाली, असू दे विल्फ, कळलं तर बाईची चिठ्ठी म्हणून दहादा तपासतील."

"आणि चहाचं बोलावणं?"

"त्यावरही श्रीयुत होतं. ती म्हणाली, तूच जा, मला नवा कोट नाही आणि तुला फुकटचं खायला आवडतं. मी म्हटलं, अगं, काही विचारलं तर? म्हणाली, घरी जाऊन सांगतो म्हण." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच होतात ना तो? कान मोठे असलेला?"

"मीच."

"तेव्हा सांगायला पाहिजे होतं. गावात सगळे मलाच विद्वान समजायचे. केबिनवर पोरं शब्दकोडी घेऊन यायची. मी रात्रपाळीला डब्याखाली कोडं लपवून घरी आणायचो, ती सोडवायची, मी सकाळी परत द्यायचो. चौतीस वर्षं. मला गोडच लागत होतं ते, खोटं कशाला बोलू?"

"मग ही?" मी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. उठून त्यांनी कपाटातून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. डिसेंबर १९८१. "ती गेली ऑक्टोबरात. हिच्याबद्दल उभ्या जन्मात छापून काय आलं, तर हे. वाचा. नववं पान, खाली."

मला वाचायची गरज नव्हती. तीच ओळ माझ्या वहीत होती. पाद्र्यानं लिहिलं होतं, 'सौ. गार्साइड गेल्यापासून चर्चची पडवी झाडल्यावाचून पडून आहे. कुणी शनिवारी येऊ शकेल का?'

"झाडू," गार्साइड म्हणाले. "चौदा हजार चिठ्ठ्या लिहिल्या बाईनं, आणि मेल्यावर लोकांना आठवला झाडू. तो पाद्री रस्त्यात भेटला तर मी पलीकडून जातो. म्हटलं, निदान कोशात तरी तिच्याबद्दल धड काही असू दे. तिनंच एकदा तो शब्द वाचून दाखवला होता, सलगमवरून. मला आवडला होता. जुन्या पत्रकात कोण बघतंय, असं वाटलं."

"आम्ही बघतो. आमचा धंदाच तो आहे."

मग मी त्यांना क्रमांक ८८ ची गोष्ट सांगितली. सांगताना मला बरं वाटत नव्हतं, पण अर्धवट सांगून भागलं नसतं. ऐकता ऐकता त्यांचे हात टेबलावरून मांडीवर गेले.

"सगळ्या काढतील? तिच्या?"

"क्रमांक एकच आहे."

"सलगमसुद्धा?"

"सलगमसुद्धा."

"म्हणजे तिचं जे काय होतं ते मीच..." मला वाटतं, त्या माणसानं बायको गेली तेव्हासुद्धा असं तोंड केलं नसेल.

नियम मला पाठ होते. पंचवीस वर्षं तेच खाल्ले होते. पडताळणीचा शेरा मारण्याआधी वाचकाला स्वतःची चिठ्ठी मागे घेता येते, आडवी रेघ मारून, सही करून. बहुतेक जण ही तरतूद विसरले होते, कारण चूक कबूल करणारा वाचक आम्हाला क्वचितच भेटे. मी माझं पेन पुढे केलं. त्यांनी 'अनसंग'वर अशी रेघ ओढली की कागद फाटला. सही केली, डब्ल्यू. गार्साइड.

"झालं," मी म्हणालो. "आता दुसरी लिहा." कोरी चिठ्ठी मी त्यांच्यापुढे सरकवली आणि पत्रकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळीतला शब्द होता 'अनस्वेप्ट', न झाडलेलं. माझ्या सतराव्या खोक्यात त्याच्या अकरा चिठ्ठ्या होत्या आणि गेल्या साठ वर्षांतली एकही नव्हती. मला ती खरोखरच हवी होती.

"हे? हे मी लिहायचं?" ते भडकले. "तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"अनसंगचे चौसष्ट दाखले वाचलेत मी," मी म्हणालो, आणि माझाही आवाज चढला. "सगळे हार घालतानाचे. बोलणारा छान दिसतो, ज्याच्याबद्दल बोलतो तो कसा होता ते कुणालाच कळत नाही. तुमचं वाक्यही तसलंच आहे, रागावू नका. तिचं नाव काढून माझं घातलं तरी चालेल. या पाद्र्याच्या ओळीत तुमच्या बायकोचं नाव काढून दुसरं घालून दाखवा. बाई गेली आणि पडवीत पानं साचली. आणखी कुणाला काय पुरावा पाहिजे?"

त्यांनी ती ओळ बोट फिरवत पुन्हा वाचली. मग नाक ओढून म्हणाले, "शब्द डावीकडे लिहायचा ना? दोन रेघा?"

"दोन."

एक चिठ्ठी लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. वाक्य दोनदा माझ्याकडून अक्षर अक्षर ताडून घेतलं. कोपऱ्यात क्रमांक लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. "तिचा नको," ते म्हणाले. मी त्यांना नवा क्रमांक दिला, १९०७. माझी बस कधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्ट्रूडसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. पुढच्या खंडासाठी जुन्या वाचकांची नावं यादीत पक्की झाली होती.

"आता काही होणार नाही, पेटिफर," ते म्हणाले. "चूक असेल तरच दुरुस्ती."

"चूकच आहे."

"कुणाची?"

"आपली. सत्तेचाळीस सालापासूनची. त्या बाईंनी एन. गार्साइड एवढीच सही केली होती. श्रीयुत आपण घातला. जगातला प्रत्येक स्वल्पविराम तपासतो आपण आणि हे नाही तपासलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिलं पत्र मागवलं. जांभळी सही नीट पाहिली, आणि लाल पेन्सिल उचलली. त्या माणसाशी माझं फारसं पटलं नाही कधी, पण लाल पेन्सिल त्यानं लगेच उचलली हे मी नाकारणार नाही.

खंड तीन वर्षांनी निघाला. एक प्रत मी टपालानं मॉर्थवेटला पाठवली आणि दोन पानांत खुणेच्या फिती घातल्या. 'अनसंग'मध्ये सलगम आहे. 'अनस्वेप्ट'मध्ये शेवटचा दाखला मॉर्थवेटच्या पत्रकातला, सौ. गार्साइड यांच्या नावासकट. नोंदी कुणी लिहिल्या ते अर्थातच कुठे नाही.

गार्साइडांचं उत्तर खांबांसारख्या अक्षरात आलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली होती, पण पत्र होतं तिसऱ्याच पानाबद्दल. यादीत दोन ओळी एकाखाली एक आल्या होत्या. श्रीमती एन. गार्साइड, १४,२१२. श्री. डब्ल्यू. गार्साइड, १. 'आकडे बरोबर आहेत,' त्यांनी लिहिलं होतं. 'पाद्रीसाहेबांना दाखवले. शनिवारी पडवी झाडायला गेलो होतो तेव्हा.'